प्रवेशाचा शिक्का आणि उपचाराचा हक्क

ऑगस्ट २०२१मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेले आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत अमेरिकेने ७६ हजारांहून अधिक अफगाण माणसे आपल्या भूमीवर आणली. एकाच विमानातून आलेल्या, एकाच लष्करी तळावर उतरलेल्या या लोकांकडचे कागद मात्र सारखे नव्हते. अमेरिकी फौजेसाठी दुभाषे म्हणून राबलेल्या आणि ज्यांच्या अर्जाची छाननी वेळेत पुरी झाली अशा काहींकडे ‘विशेष स्थलांतरित व्हिसा’ होता. बहुसंख्यांकडे तो नव्हता; त्यांना ‘पॅरोल’वर, म्हणजे सरकारने स्वतःच्या अधिकारात दिलेल्या तात्पुरत्या मुभेवर, आत घेतले गेले. पहिल्या गटाला गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याची, मेडिकेडची, पात्रता पहिल्या दिवसापासून होती. दुसऱ्या गटाला त्या दिवशी लागू असलेल्या कायद्यानुसार पाच वर्षे थांबावे लागले असते. अमेरिकी संसदेने ३० सप्टेंबर २०२१ रोजी खास तरतूद करून हा अडसर काढला, म्हणून पुढचा अनर्थ टळला. पण तशी तरतूद करावी लागली, हेच या व्यवस्थेचे खरे दुखणे आहे. माणसाला देशात कोणत्या दाराने घेतले यावरून त्याचा उपचाराचा हक्क ठरवणे ही गोष्ट न्यायालाही धरून नाही आणि खर्चाच्या हिशेबातही बसत नाही, हे या प्रकरणात मांडायचे आहे.

मेडिकेड १९६५ साली लिंडन जॉन्सन यांच्या कारकिर्दीत सुरू झाले. खर्चाचा काही भाग केंद्र सरकार उचलते, काही राज्ये उचलतात आणि केंद्राच्या चौकटीत राहून तपशिलाचे नियम राज्ये ठरवतात. महाराष्ट्रात जन आरोग्य योजनेच्या लाभासाठी वर्षानुवर्षे शिधापत्रिकेचा रंग पाहिला गेला. तिकडे उत्पन्नाच्या जोडीला स्थलांतराचा दर्जा पाहिला जातो. सुरुवातीची तीन दशके ही दुसरी अट बरीच सैल होती. जो परकीय माणूस कायदेशीर रीतीने राहतो, किंवा ज्याला बाहेर काढण्याचा सरकारचा इरादा नाही, त्याला साधारणपणे लाभ मिळे. न्यायालयांनी मात्र या काळातच दोन वेगळ्या वाटा आखून ठेवल्या होत्या. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘ग्रॅहम विरुद्ध रिचर्डसन’ या खटल्यात राज्यांना बजावले, की केवळ परकीय म्हणून कुणाला कल्याणकारी मदत नाकारता येणार नाही. पाचच वर्षांनी, १९७६ साली, ‘मॅथ्यूज विरुद्ध डियाझ’ खटल्यात त्याच न्यायालयाने केंद्राला मोकळीक दिली. ज्येष्ठांसाठीच्या मेडिकेअर विम्याच्या एका भागासाठी कायम रहिवासाची आणि पाच वर्षे वास्तव्याची अट होती. ती क्यूबाहून आलेल्या वृद्ध निर्वासितांच्या आड आली होती. न्यायालयाने ती अट वैध ठरवली. स्थलांतराचे धोरण हा संसदेचा प्रांत आहे, आणि माणसाचा या देशाशी संबंध जसजसा घट्ट होईल तसतसे त्याचे हक्क वाढवत नेण्याची मुभा संसदेला आहे, अशी त्यामागची भूमिका होती.

या मोकळिकीचा पुरेपूर वापर २२ ऑगस्ट १९९६ रोजी झाला. बिल क्लिंटन यांनी त्या दिवशी सही केलेल्या कल्याण सुधारणा कायद्याने ‘पात्र परकीयां’ची एक यादी केली. ग्रीन कार्डधारक कायम रहिवासी, निर्वासित, आश्रय मिळालेले, वर्षभर किंवा अधिक मुदतीच्या पॅरोलवर आलेले, आणि नंतरच्या दुरुस्तीने क्यूबा आणि हैतीहून आलेले असे काही गट या यादीत आले. त्या तारखेनंतर येणाऱ्या बहुतेकांना पात्र असूनही पहिली पाच वर्षे मेडिकेड मिळणार नाही, असे ठरले. निर्वासित आणि आश्रय मिळालेल्यांना या पाच वर्षांच्या अटीतून सूट मिळाली. क्यूबा-हैतीच्या गटालाही मिळाली. १९८० साली मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख क्यूबन फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर उतरले तेव्हाच्या कायद्याने त्यांना हे वेगळे स्थान दिले होते. पॅरोलवरच्या इतरांना ही सूट नव्हती. आजाराचा, वयाचा, गर्भारपणाचा, अपंगत्वाचा या वर्गवारीत कुठेही विचार नाही. शीतयुद्धात कोणाशी वैर होते, कोणत्या युद्धात कोणी साथ दिली, कोणत्या वर्षी कोणत्या मतदारसंघाचे वजन होते, यांतून ती तयार झाली. परराष्ट्र धोरणासाठी केलेली वर्गवारी रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर लावली, तर तिथे विसंगती दिसणारच.

आणि ती दिसलीही. इराक आणि अफगाणिस्तानात अमेरिकेसाठी काम केलेल्यांना विशेष व्हिसा देण्याचे कायदे २००७-०८च्या सुमारास झाले, तेव्हा अफगाण माणसाला सहा महिने आणि इराकी माणसाला आठ महिने निर्वासितांसारखी मदत मिळेल असे ठरले. दोघांनी पत्करलेला धोका एकच होता. डिसेंबर २००९मध्ये ही चूक दुरुस्त झाली आणि दोघांनाही निर्वासितांच्या बरोबरीने लाभ मिळू लागले. युक्रेनच्या बाबतीत मे २०२२मध्ये पुन्हा वेगळी तरतूद करावी लागली. तिची मुदत पुढे वाढवून ३० सप्टेंबर २०२४पर्यंत नेली. त्यानंतर पॅरोलवर आलेल्या युक्रेनी कुटुंबाला ती लागू नाही. बॉम्ब तेच, शहर तेच. विमानात बसल्याची तारीख तेवढी वेगळी.

या साऱ्यांत मला सर्वांत अस्वस्थ करणारे उदाहरण प्रशांत महासागरातले आहे. मार्शल बेटांवर अमेरिकेने १९४६ ते १९५८ या काळात ६७ अणुचाचण्या केल्या. १ मार्च १९५४ रोजी बिकिनीवर झालेल्या ‘ब्राव्हो’ स्फोटाची राख रोंगेलाप बेटावरच्या लोकांवर पडली आणि पुढे थायरॉइडच्या विकारांनी त्यांचा पिच्छा पुरवला. १९८६ साली मार्शल बेटे आणि मायक्रोनेशिया यांच्याशी आणि १९९४ साली पलाऊशी झालेल्या मुक्त सहयोगाच्या करारांनुसार या देशांच्या नागरिकांना व्हिसाशिवाय अमेरिकेत राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क मिळाला. त्या बदल्यात त्या विस्तीर्ण सागरी प्रदेशाच्या संरक्षणाचे अधिकार अमेरिकेकडे राहिले. हे लोक अमेरिकेत कर भरतात, अमेरिकी सैन्यात भरती होतात. पण १९९६च्या ‘पात्र परकीयां’च्या यादीत त्यांचा गट नव्हता, आणि तेवढ्याने त्यांचे मेडिकेड गेले. त्यांच्यासाठी पाच वर्षांची प्रतीक्षासुद्धा नव्हती. ते कायमचेच अपात्र झाले. हवाई राज्याने बरीच वर्षे स्वतःच्या तिजोरीतून त्यांचा खर्च केला, मग २०१० साली कमी सोयींच्या योजनेत ढकलण्याचा प्रयत्न केला, त्यावर न्यायालयीन लढाई झाली, आणि २०१५ साली बहुतेक प्रौढांना अनुदानित खासगी विमा विकत घेण्यास सांगण्यात आले. परिणाम काय झाला हे संशोधकांनी नोंदवले आहे. मेडिकेडच्या पैशातून होणारे उपचार झपाट्याने घटले, विमा नसलेल्यांच्या आपत्कालीन विभागातल्या फेऱ्या वाढल्या आणि या समाजातला मृत्युदर इतरांच्या तुलनेत चढला. अनुदान होते, कागदोपत्री पर्यायही होता. पण परक्या भाषेतला अर्ज, दरमहाचा हप्ता आणि खिशातून भरायची रक्कम यांत माणसे अडकली. डिसेंबर २०२०मध्ये संसदेने त्यांची पात्रता परत दिली. मधली २४ वर्षे कोणत्याही आरोग्यविषयक युक्तिवादाशिवाय वाया गेली.

विमा नाकारला म्हणजे खर्च वाचतो, हे गृहीतक या धोरणाच्या मुळाशी आहे. ते तपासून पाहू. १९८६च्या संघीय कायद्याने अमेरिकेतल्या जवळपास सर्व रुग्णालयांना बंधन घातले आहे, की आपत्कालीन विभागात आलेल्या कोणालाही तपासून त्याची प्रकृती स्थिर केल्याशिवाय परत पाठवायचे नाही. स्थलांतराचा दर्जा आड येणाऱ्या गरिबाच्या अशा उपचारांचे पैसे ‘आपत्कालीन मेडिकेड’ देते. म्हणजे समाज खर्च करतोच; फक्त तो सर्वांत महाग जागी आणि सर्वांत उशिरा करतो. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांचे उदाहरण याबाबत निर्णायक आहे. कोलोरॅडोत कागदपत्रे नसलेल्या अशा रुग्णांना, जीव धोक्यात आल्याचे दिसेल तेव्हाच डायलिसिस मिळे. डेन्व्हर आणि ह्यूस्टनमधल्या अशा, केवळ आणीबाणीत डायलिसिस मिळणाऱ्या रुग्णांची तुलना सॅन फ्रान्सिस्कोमध्ये नियमित डायलिसिस मिळणाऱ्या तशाच रुग्णांशी केली गेली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पाच वर्षांतला मृत्यूचा धोका केवळ आणीबाणीत डायलिसिस मिळणाऱ्यांमध्ये सुमारे चौदापट आढळला, आणि रुग्णालयात काढलेले दिवसही त्यांचेच कितीतरी जास्त होते. कोलोरॅडोने २०१९ साली नियम बदलला. हे रुग्ण विशेष दर्जावर आलेले नव्हते हे खरे. पण उपचार लांबवल्याने शरीराचे आणि तिजोरीचे काय होते, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

युरोपातला पुरावा याच दिशेने बोट दाखवतो. जर्मनीने १९९३च्या कायद्याने आश्रय मागणाऱ्यांचे उपचार सुरुवातीच्या काळात तीव्र आजार, वेदना, बाळंतपण आणि लसीकरण एवढ्यांपुरते मर्यादित केले. डॉक्टरकडे जाण्याआधी समाजकल्याण कार्यालयातून कागद आणावा लागे. ब्रेमेनने २००५ साली आणि हॅम्बुर्गने २०१२ साली थेट आरोग्य कार्ड देऊन हा फेरा टाळला. बाकी बहुतेक ठिकाणी तो चालू राहिला. १९९४ ते २०१३ या काळातल्या आकडेवारीवर बोझोर्गमेहर आणि राझुम या संशोधकांनी केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. निर्बंध असलेल्या गटावरचा दरडोई वैद्यकीय खर्च निर्बंध नसलेल्या गटापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त होता. हा प्रयोगशाळेतला प्रयोग नव्हता, दोन गटांत वयाचे आणि गरजांचे फरक असू शकतात, आणि संशोधकांनी ते फरक जमेस धरूनच निष्कर्ष काढला. वीस वर्षांच्या आकड्यांत निर्बंधामुळे बचत झाल्याची खूणच सापडू नये, ही गोष्ट बचतीचा दावा करणाऱ्यांनी गंभीरपणे घ्यायला हवी.

आता आक्षेपांकडे वळू. सर्वांत वजनदार आक्षेप हार्वर्डचे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज बोर्हास यांच्या संशोधनातून येतो. ते स्वतः क्यूबात जन्मले आणि १९६२ साली बालवयात अमेरिकेत आले. १९९६च्या कायद्यानंतर स्थलांतरितांमधले विमाधारकांचे प्रमाण कोसळेल अशी भीती होती. बोर्हास यांच्या विश्लेषणात तसे दिसले नाही. सरकारी विमा गेल्यावर लोकांनी जास्त काम केले आणि मालकाकडून मिळणारा विमा मिळवला, असे त्यांनी २००३ साली मांडले. दुसऱ्या संशोधकांना मात्र, विशेषतः कमी शिकलेल्या एकट्या स्थलांतरित महिलांमध्ये आणि त्यांच्या मुलांमध्ये, विमा नसण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. म्हणजे बोर्हास यांचे म्हणणे ज्यांना चांगली नोकरी मिळू शकते त्यांच्यापुरते मानता येते. काल उतरलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या, छर्रे लागून पाय अधू झालेल्या माणसाला उद्या विमा देणारी नोकरी मिळणार नाही. आठ महिन्यांच्या गर्भवतीला तर मुळीच नाही. नव्या माणसाला पहिली नोकरी मिळते ती कोंबड्यांच्या कारखान्यात, गोदामात, हॉटेलच्या खोल्या झाडण्याची. आणि अशा अनेक नोकऱ्यांत एक तर विमा नसतो किंवा त्याचा हप्ता पगाराला झेपत नाही. स्वावलंबन हे ध्येय मलाही मान्य आहे. पण ज्याचा मधुमेह आटोक्यात आहे आणि ज्याच्या रात्रीच्या किंकाळ्यांवर उपचार झालेले आहेत, तोच वेळेवर कामावर पोचतो. उपचार ही स्वावलंबनाची पहिली पायरी आहे आणि हे धोरण नेमकी तीच काढून घेते.

मेडिकेडने तब्येत सुधारतेच असे कुठे सिद्ध झाले आहे, असाही प्रश्न केला जातो आणि त्यासाठी ओरेगनचा दाखला दिला जातो. त्या राज्याने २००८ साली मेडिकेडच्या मर्यादित जागा सोडतीने वाटल्या, त्यामुळे संशोधकांना जवळजवळ आदर्श तुलना करता आली. दोन वर्षांनी रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांत ठळक फरक दिसला नाही, हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. त्याच अभ्यासात नैराश्याचे प्रमाण मात्र लक्षणीय घटले आणि कुटुंबाला बुडवणारा वैद्यकीय खर्च जवळपास नाहीसा झाला. युद्धातून उठून आलेल्या माणसाच्या गरजांची यादी केली, तर मनाचा आजार आणि कर्ज यांचीच नावे वर येतील.

तिसरा आक्षेप करदात्याच्या खिशाचा. अमेरिकेच्या आरोग्य विभागाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात २००५ ते २०१९ या पंधरा वर्षांचा हिशेब आहे. निर्वासित आणि आश्रय मिळालेले यांच्यावर सर्व पातळ्यांवरच्या सरकारांनी केलेल्या खर्चापेक्षा त्यांच्याकडून आलेला महसूल १२३.८ अब्ज डॉलरनी जास्त होता. हा सर्व वर्षांचा एकत्रित आकडा आहे. पहिल्या वर्षांत खर्च जास्त आणि पुढे उत्पन्न जास्त असाच क्रम असतो, म्हणून पहिल्या वर्षाचा खर्च पाहून नाक मुरडणे चुकीचे ठरते. सवलतींच्या ओढीने लोंढे येतील ही भीती यालाच जोडून येते. डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात रोख मदत कमी केल्यावर युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्यांची संख्या घटलेली आढळली, तेव्हा ही भीती सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. परंतु जो देशाची निवड स्वतः करतो त्याच्याबाबतच ती लागू पडते. निर्वासित म्हणून अमेरिकेत येणारा माणूस परदेशातल्या छावणीत वर्षानुवर्षे थांबून, अमेरिकी अधिकाऱ्यांच्या मुलाखती आणि वैद्यकीय तपासण्या देऊन येतो. दुभाष्याला किमान वर्षभराची सेवा आणि वरिष्ठांची शिफारस दाखवावी लागते. यांची संख्या वॉशिंग्टन ठरवते, मेडिकेड नव्हे.

चौथा आक्षेप आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरचा आहे. न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये स्थायिक झालेला मराठी मुलगा किंवा मुलगी आई-वडिलांना ग्रीन कार्डवर बोलावून घेते, तेव्हा त्यांना मेडिकेडसाठी पाच वर्षे थांबावे लागते. मेडिकेअरसाठी अमेरिकेत पुरेसे काम केलेले नसेल तर तिथेही कायम रहिवासी म्हणून सलग पाच वर्षांची अट आहे, आणि त्यानंतरही हप्ता भरून विमा घ्यावा लागतो. मग काल आलेल्या निर्वासिताला आज का मिळावे? हा प्रश्न मत्सराचा नाही, न्यायाचा आहे, आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. आई-वडिलांना बोलावणारे अपत्य त्यांच्या चरितार्थाची कायद्याने बंधनकारक हमी लिहून देते. त्यांची जबाबदारी एका कमावत्या कुटुंबाने जाणूनबुजून घेतलेली असते, येण्याचा दिवस ठरवलेला असतो, आणि न जमल्यास पुण्याला किंवा सांगलीला परतण्याचा रस्ता उघडा असतो. निर्वासिताची हमी कुणा नातेवाइकाने दिलेली नसते. त्याला सरकारने स्वतःच्या निर्णयाने आणलेले असते आणि त्याचा परतीचा रस्ता बंद असतो. आणलेल्या माणसाची जबाबदारी आणणाऱ्यावर येते. अर्थात पाच वर्षांची अटही मला ग्रीन कार्डधारकांच्या बाबतीत शहाणपणाची वाटत नाही. कर पहिल्या पगारापासून कापला जातो, मग विम्यालाच पाच वर्षे का? पण एका गटावरचा अन्याय दूर होत नाही म्हणून दुसऱ्यावर तो लादावा, असे त्यातून निघत नाही.

दुर्दैवाने कायदा नेमका तिकडेच वळला आहे. ४ जुलै २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी सही केलेल्या कर आणि खर्चाच्या मोठ्या कायद्याने केंद्राच्या पैशातून मिळणाऱ्या मेडिकेडची यादी आखडली. त्यासाठी १ ऑक्टोबर २०२६ ही तारीख ठरवली गेली. त्यानंतर नागरिक, ग्रीन कार्डधारक, क्यूबा-हैतीचा गट आणि मुक्त सहयोगाच्या तीन देशांचे नागरिक एवढेच यादीत उरतात. राज्याने पर्याय स्वीकारला असेल तर कायदेशीर वास्तव्य असलेली मुले आणि गर्भवती यांना वाट मोकळी आहे. निर्वासित, आश्रय मिळालेले, मानवी तस्करीतून सुटलेले आणि पॅरोलवरचे बाकी सारे यादीबाहेर जातात. विशेष व्हिसावर आलेला दुभाषा आत राहतो, कारण त्याला उतरल्याबरोबर कायम रहिवासाचा दर्जा मिळतो. निर्वासिताला मात्र ग्रीन कार्डासाठी अर्जच मुळी एक वर्षानंतर करता येतो. म्हणजे उपचारांची सर्वाधिक गरज असलेले पहिले वर्ष विम्याविना जाणार. या फटीसाठी १९८०च्या निर्वासित कायद्याने वेगळी वैद्यकीय मदत ठेवली होती आणि ती ३६ महिन्यांपर्यंत देण्याची मुभा दिली होती. ती घटत १९९१ साली आठ महिन्यांवर आली, ऑक्टोबर २०२१पासून आलेल्यांसाठी बारा महिने झाली आणि मे २०२५पासून चार महिन्यांवर आणली गेली. बाजारातून विमा घ्यावा, तर त्यावरच्या अनुदानाची यादीही २०२७पासून अशीच आखडते.

केंद्राने हात काढले की ओझे राज्यांवर येते. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली राज्यघटनेचा आधार घेऊन निर्णय दिला होता, की कायदेशीर रीतीने राहणाऱ्या परकीयांना राज्याने स्वतःच्या पैशातून विमा द्यावा. तिथे निदान आधार उरतो. इतर राज्यांचा भरवसा नाही. इलिनॉयने ४२ ते ६४ वयाच्या स्थलांतरितांसाठीची स्वतःची योजना १ जुलै २०२५ला बंद केली, कॅलिफोर्नियाने कागदपत्रे नसलेल्या प्रौढांची नवी नोंदणी जानेवारी २०२६पासून थांबवली. पैशाची ओढाताण झाली की ज्यांना मत नाही त्यांची योजना आधी जाते. म्हणून हा प्रश्न राज्यांच्या दयेवर सोडून चालणार नाही. ज्याला सरकारने विचारपूर्वक आत घेतले, मग ते व्हिसावर असो, निर्वासित म्हणून असो वा पॅरोलवर, त्याला उतरल्या दिवसापासून उत्पन्नाच्या सर्वसाधारण कसोटीवर मेडिकेड मिळावे, एवढा एकच नियम संसदेने केला पाहिजे. मार्शल बेटांच्या लोकांना आपली पात्रता परत मिळवायला २४ वर्षे लागली. निर्वासितांना तितकी थांबायला लावू नये.